आठवड्याला तीन किलो

बाईंनी वही उचलून खिडकीच्या उजेडात धरली आणि पान तिरकं केलं. आकडा खोडून त्यावर दुसरा लिहिला असता तर कागदाचा पापुद्रा उठलेला दिसला असता. पान स्वच्छ होतं. पेन्सिलीने दाबून लिहिलेले सहा आकडे एकाखाली एक उभे होते. एकेचाळीस, चव्वेचाळीस, सेहेचाळीस, चव्वेचाळीस, चव्वेचाळीस, एकोणपन्नास.

"हे मधेच कमी कसं झालं गं?" बाईंनी विचारलं.

समोरची मुलगी फळ्याकडे पाठ करून, दोन्ही हात मागे बांधून उभी होती. अंगाने बारीक आणि सतत काहीतरी उचलून नेणारी, म्हणून मंडळातल्या मुलांनी तिचं नाव मुंगी ठेवलं होतं. हजेरी घेताना आता बाईसुद्धा चुकून तेच पुकारायच्या.

"कमी झालं म्हणून कमी लिहिलं, बाई."

"आणि मग एका आठवड्यात एकदम पाच किलो वाढलं?"

"हो."

"कशानं?"

मुंगीने एकदा दाराकडे पाहिलं. "माहीत नाही."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. चाळीस वर्षं शाळेत काढल्यावर 'माहीत नाही' किती प्रकारचं असतं हे त्यांना नुसतं ऐकून कळायचं. खरं असतं ते डोळ्यांत बघून येतं. आळशी असतं ते जांभई देत येतं. जे दाराकडे बघून येतं, त्यात कुठेतरी पाणी मुरत असतं.

दूध संकलन केंद्राच्या मागच्या खोलीत दर शनिवारी दुपारी हे बाल शेती मंडळ भरायचं. बारा मुलं, बारा वासरं. सहा आठवड्यांपूर्वी केंद्राने प्रत्येक मुलाला एकेक वासरू सांभाळायला दिलं होतं, सगळी एका साच्यातून काढल्यासारखी तांबडी. कानात मारायचे बिल्ले अजून आले नव्हते. गुरांचे डॉक्टर दर शनिवारी 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचे. वासराच्या छातीभोवती गुंडाळायची एकेक फीत मात्र मुलांना मिळाली होती. फितीच्या एका बाजूला सेंटीमीटर, दुसऱ्या बाजूला थेट किलो. शनिवारी सकाळी उपाशीपोटी वासरू मोजायचं आणि आकडा वहीत लिहायचा. पुढच्या महिन्यात जिल्ह्याचं प्रदर्शन होतं. तिथे मंडळाची तीन वासरं जायची होती, आणि कोणती तीन ते बाईंनी ठरवायचं होतं.

नियम बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. वासरू आपल्या हातांनी वाढवायचं. उसनं काही आणायचं नाही, बादली नाही की माणूस नाही. "तुम्ही कुणाची मुलं आहात ते मला सांगू नका," त्या म्हणाल्या होत्या. "तुमचे हात काय करतात ते सांगा. तीच तुमची ओळख."

"बाई, मी बोलू?" मधल्या रांगेतून एक हात वर झाला. वकील. शिक्षेलाही मुद्देसूद उत्तर देणारा म्हणून वकील.

"नको म्हटलं तर थांबशील का?"

"परवा हिच्या दारात दोन वासरं बांधलेली होती. मी स्वतः बघितली. दोन्ही तांबडी. आता हिनं कोणतं मोजलं, काय सांगावं?"

"मग एकाचं शेपूट मोजलं असेल आणि दुसऱ्याचं पोट!" मागून कुणीतरी म्हणालं. खोली हसली.

"तूच साक्षीदार, तूच वकील. आता खुर्चीवर बसून निकालही दे," बाई वकिलाला म्हणाल्या. मुलं पुन्हा हसली. मुंगी हसली नाही, आणि दोन वासरांबद्दल 'खोटं आहे' असंही म्हणाली नाही. बाईंनी नेमकं तेच टिपलं.

मुलं पांगल्यावर केंद्राचे सचिव आत आले. खिशाला लावलेलं पेन काढत, पुन्हा लावत ते म्हणाले, "बाई, तीन नावं पुढच्या शनिवारी द्यायची आहेत. आणि एक बोलू? पालक कुजबुजतायत. ज्या घराला स्वतःचा गोठा नाही, त्या घरात वासरू दिलंच कसं म्हणून."

"तिची आई आयुष्यभर गुरांतच राबतेय."

"दुसऱ्यांच्या गुरांत. तेच तर म्हणतायत. हात सगळीकडे फिरतो." सचिवांनी वाक्य तिथेच ठेवलं. "मी काही म्हणत नाही हं. तुम्ही डोळ्यांत तेल घालून बघा आणि खात्री नसेल तर तिला या खेपेला वगळा. वासरूही परत घेऊ. उगाच मंडळाचं नाव नको जायला."

बाईंना राग आला. पण घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं, की राग सचिवांच्या बोलण्याचा जेवढा आहे, तेवढाच ते बोलणं आपल्याला थोडंसं पटल्याचाही आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या न सांगता मुंगीच्या घरी गेल्या. गल्लीच्या टोकाला दोन खोल्या, बाजूला पत्र्याचा आडोसा. आडोशाच्या आधीच त्या थांबल्या, आणि थांबलो आहोत हे कळल्यावर स्वतःचीच लाज वाटली. पण पुढे गेल्या नाहीत. आत दोन वासरं होती. दोन्ही तांबडी. मुंगी दोघांच्या मधे उकिडवी बसून त्यांच्याशी काहीतरी बोलत होती.

"आत या ना, बाई," मागून आवाज आला. मुंगीची आई कामावरून येत होती, हातात रिकामी बादली, कोपरापर्यंत ओले हात. "लपून कशाला बघायचं? दार उघडंच आहे."

बाईंनी जीभ चावली. "सहज आले होते."

"सहज कोण येतं आमच्याकडे? तपासायला आलात ना?" आवाजात राग नव्हता, नुसतं विचारल्यासारखं ती विचारत होती. "बाकीची अकरा घरं झाली, की आमच्यापासून सुरुवात?"

त्यांनी पिशवीतून फीत काढली. "वासरू मोजते एकदा. माझं समाधान होईल."

मुंगी ताडकन उभी राहिली. "आत्ता नको, बाई."

"का?"

"आत्ताच पाणी प्यायलंय. दोन किलो जास्त येईल. तुम्हीच सांगितलंय, सकाळी, उपाशीपोटी."

बोलणं बरोबर होतं. त्यामुळेच बाईंना ते जास्त खटकलं. इतकं बरोबर उत्तर इतक्या पटकन! रात्रीत एक वासरू इथून हलवायला कितीसा वेळ लागतो? त्यांनी फीत गुंडाळून ठेवली. "बरं. मग उद्या सकाळी येते."

"या की," आई म्हणाली. "चहा आमच्याकडेच घ्या. तपासणीचा चहा."

सकाळी सहाला बाई हजर होत्या. दोन्ही वासरं जागच्या जागी होती. मुंगीने न सांगता त्यातलं एक पुढे ओढलं. ते चारी पायांवर सरळ उभं राहीपर्यंत ती थांबली, मग पुढच्या पायांमागून फीत फिरवली, अंगावरचे केस एका दिशेने सारखे केले, फितीखाली बोट जातं का बघितलं आणि आकडा वाचायच्या आधी फीत सोडून पुन्हा लावली. असं तिने तीनदा केलं. बाई बघत राहिल्या. त्यांनी स्वतः मंडळात दाखवताना हे एकदाच केलं होतं.

"पन्नास," मुंगी म्हणाली. "शनिवारी एकोणपन्नास होतं."

बाईंनी स्वतः मोजलं. पन्नास.

"आणि हे दुसरं?"

मुंगीने आईकडे पाहिलं. आई चुलीपाशी पाठ करून उभी होती. "सांग की. आता आल्यात तर सांगून टाक."

"ते उसनं आहे," मुंगी म्हणाली. "आई ज्यांच्याकडे धारा काढायला जाते त्यांचं. चौथ्या आठवड्यात आमचं वासरू एकटं खातच नव्हतं, नुसतं हंबरायचं. आईच्या कामावर बघितलं, तिथली वासरं एकमेकांना ढकलून खातात. मग मी मागितलं. हे शेजारी बांधलं की आमचं पण खातं, ह्याला मिळू नये म्हणून." तिने नाक पुसलं. "पण तुम्ही म्हणाला होतात, उसनं काही आणायचं नाही. म्हणून कारण काय सांगू कळेना."

बाईंना खाली बसावंसं वाटलं, पण गुडघे ऐकायचे नाहीत म्हणून त्या उभ्याच राहिल्या. "अगं वेडे, ही उसनवारी नाही. ही अक्कल आहे."

"अक्कल चालते ना?" आईने कप पुढे करत विचारलं. तिच्या चेहऱ्यावर काय आहे ते बाईंना नीट बघवलं नाही. चहा गरम होता; त्या तो बशीत न ओतताच प्यायल्या आणि जीभ भाजून घेतली.

घरी परतताना त्यांना हलकं वाटायला हवं होतं. रस्त्याच्या वळणावर डॉक्टर भेटले, स्कूटरवर औषधांची पेटी बांधून निघालेले. बाईंनी सगळी हकिगत सांगितली.

"पोरगी माझ्याकडे पाठवा," डॉक्टर म्हणाले. "मदतनीस हवाच आहे. वजन उतरणारच हो एखाद्या आठवड्यात. जागा बदलते, पोट बिघडतं, एकटेपण. न उतरलं तर मी उलट काळजी करेन."

"बाकीच्या अकरांचं नाही उतरलं."

"एकाचंही नाही?"

"नाही. कसं छान चढत गेलंय."

डॉक्टरांनी स्कूटरचं इंजिन बंद केलं. "बाई, अकरा वासरं सहा आठवडे एकसारखी छान चढत गेली असतील, तर मी ही पेटी विकून देवळापुढे बसतो."

तेवढ्यावर हसून ते निघून गेले. बाई मात्र तिथेच उभ्या राहिल्या. मग घरी न जाता त्या केंद्रावर गेल्या, मागची खोली उघडली आणि अकरा वह्या टेबलावर पसरल्या.

या वह्या त्यांनी सहा वेळा तपासल्या होत्या. प्रत्येक पानावर त्यांच्याच अक्षरातलं लाल 'छान' होतं. आता त्यांनी प्रत्येक आकड्यातून आधीचा आकडा वजा करायला घेतला. तीन. तीन. तीन. दुसरी वही. तीन. तीन. तीन. वकिलाची वही सगळ्यांत देखणी, समासाला रंगीत पेन्सिलीची नक्षी. तीन. तीन. तीन. अकरा वह्या, अकरा वासरं, आणि आठवड्याला तीन किलोंच्या वर नाही की खाली नाही.

त्यांनी मान वर केली. समोर फळा होता. पहिल्या शनिवारी त्यांनी त्यावर सुरेख अक्षरात एक तक्ता काढला होता, 'निरोगी वासराची वाढ', आणि कुणी पुसू नये म्हणून बाजूला चौकटीत तसं लिहिलंही होतं. चाळीस, त्रेचाळीस, सेहेचाळीस, एकोणपन्नास.

म्हणजे अकराच्या अकरा मुलं खोटं लिहीत होती. आणि ज्या एका मुलीच्या दारात त्या लपून उभ्या राहिल्या होत्या, ती खरं लिहीत होती.

तो आठवडा बाईंनी कसाबसा काढला. रस्त्यात मंडळाची मुलं भेटली की 'नमस्कार बाई' म्हणायची, आणि बाईंना त्या नमस्कारातही तीन किलो दिसायचे. मुलांच्या एवढ्याशा चेहऱ्यांमागे काय चाललेलं असतं? एकमेकांत ठरवलं असेल? घरच्यांनी शिकवलं असेल? प्रदर्शनासाठी एवढं? ज्यांना सचोटी शिकवायला आपण दर शनिवारी गुडघे दुखवत येतो, ती आपल्याला बघून मनातल्या मनात हसत असतील का?

शनिवारी त्यांनी निरोप धाडला, की आज प्रत्येकाने वासरू घेऊन सकाळीच केंद्रावर यायचं, उपाशीपोटी. अंगणात दुधाचे कॅन तोलायचा मोठा काटा होता. त्याच्या फळीवर पोतं अंथरलं. डॉक्टर काट्यापाशी बसले. सचिव पायरीवर उभे राहिले, पेन काढत, लावत.

मुंगीचं वासरू पहिलं. "त्रेपन्न," डॉक्टर म्हणाले. मुंगीने आल्याआल्या वहीत त्रेपन्न लिहिलं होतं.

मग एकेक करून बाकीची. वहीत एकसष्ट, काट्यावर सत्तावन्न. वहीत अठ्ठावन्न, काट्यावर छप्पन्न. अंगणातला गोंगाट हळूहळू बसत गेला. मुलं आपापल्या वासराच्या गळ्याशी बिलगून उभी राहिली. बाई एकेक आकडा नुसता लिहून घेत होत्या. मुलांना त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वकिलाचं वासरू काट्यावर चढेना. त्याने मागून ढकललं, डॉक्टरांनी पुढून ओढलं.

"वहीत किती?"

"साठ," वकील म्हणाला. आवाज नेहमीचा नव्हता.

डॉक्टरांनी काटा वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "सहासष्ट."

बाईंनी लिहायचा हात थांबवला. "कमी लिहिलंस?"

वकिलाने वासराची दोरी हाताला गुंडाळली.

"अरे, जास्त वाढलं होतं तर कमी का लिहिलंस? तुझं वासरू तर सगळ्यांत पुढे होतं."

"दर वेळी चार यायचं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मला वाटलं, मला फीत धरता येत नाही. तक्त्यात तीन होतं ना. मग मी बरोबर करून लिहायचो."

"मी पण," एक मुलगी हळूच म्हणाली. "माझं दोन यायचं. मी पण बरोबर करून लिहायचे."

"मी पण."

"मला वाटलं, माझी फीतच बिघडलीय."

बाईंनी एकेकाकडे पाहिलं. चाळीस वर्षांत त्यांनी लबाडी ओळखण्यात चूक केली नव्हती, आणि आत्ताही त्या शोधत होत्या. एखादी चुळबूळ, दाराकडे वळलेली एखादी नजर. कुणीच दाराकडे बघत नव्हतं. सगळी त्यांच्याकडेच बघत होती, उत्तर चुकल्यावर मुलं बघतात तशी.

त्यांनी सर्वांना आत बसायला सांगितलं. वासरं अंगणात बांधली गेली. सचिव दारातूनच म्हणाले, "बाई, मग तीन नावं?"

"एकच."

"एकच? अहो, तीन जागा आहेत. पालकांना काय सांगू?"

"सांगा, एकच वही खरी निघाली. मुंगीची. लिहा." आणि सचिव लिहीत नाहीत असं बघून त्यांनी त्यांच्याच खिशातलं पेन काढून घेतलं आणि यादीवर स्वतः नाव लिहिलं, मुंगी नव्हे, हजेरीतलं पूर्ण नाव.

मग त्या मुलांकडे वळल्या. बोलायचं खूप होतं. त्यांनी मुंगीला नावाने हाक मारून तिच्या जागेवरच उभं केलं. "बघा हिच्याकडे. समोर तक्ता होता, तुम्ही सगळ्यांनी त्यावर विश्वास ठेवला. माझ्यावर ठेवला. हिनं आपल्या हातांवर ठेवला. हिच्या वासराचं वजन उतरलं तेव्हा हिलाही वाटलं असेल, की आपलंच चुकतंय. पण हिनं तक्त्याकडे बघून आकडा बदलला नाही. काय गं, वाटलं नाही तुला, तक्ता बघून?"

मुंगी गोंधळली. तिने पुढच्या मुलीकडे पाहिलं, मग बाईंकडे.

"कुठला तक्ता, बाई?"

खोलीत हशा पिकला. वकील सगळ्यांत मोठ्याने हसला, सकाळपासून अडकलेलं सगळं त्या हसण्यातून सुटल्यासारखा. "सहा आठवडे समोर आहे, आणि म्हणे कुठला तक्ता!"

मुंगीही हसली, काय झालं ते न कळता.

बाई हसल्या नाहीत. ती कुठे बसलेली असते तिकडे त्यांनी पाहिलं. खोलीच्या मागच्या कोपऱ्यात, खांबाच्या आडोशाला, जिथे रिकामे कॅन एकावर एक रचलेले असायचे. तिथे तिला कुणी बसवलं नव्हतं. तिथून उठवलंही नव्हतं कुणी.

त्या मुलांच्या रांगांमधून मागे गेल्या. भिंतीला एक हात टेकवून, कण्हत, आधी एक गुडघा आणि मग दुसरा करत मुंगीच्या जागेवर खाली बसल्या. मुलांचं हसणं थांबलं. सगळ्या माना मागे वळल्या.

बाईंनी समोर पाहिलं. कॅन, खांब, आणि खांबाच्या एका बाजूने फळ्याची लाकडी कड, हाताच्या पंजाएवढी.

"बाई, उठवू का?" मुंगी हात पुढे करून जवळ आली.

"थांब," त्या म्हणाल्या. "बसू दे थोडा वेळ."